लष्करी सेवा सक्तीची करावी का? इथं तर पोरं आपणहून रांगेत उभी आहेत

रताळी_उचगाव (धागाकर्ता)

परवा बेळगावच्या टिळकवाडीत एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी जे पाहुणे बसले होते ते वीस वर्षं सिंगापुरात आहेत. म्हणाले, आपल्याकडं प्रत्येक पोराला अठरा पुरी झाली की दोन वर्षं मिलिटरीत घालायला पाहिजे. सिंगापुरात 1967 पासून आहे, बघा पोरं कशी सरळ असतात. पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलवल्या. मीपण डोलवली, तोंडात मांडा होता, वाद कोण घालणार?

घरी येताना मात्र राग आला. माझा भाचा वीस वर्षांचा आहे. फौजेच्या भरतीसाठी पहाटे साडेचारला उठून बाचीच्या रस्त्यावर पळतो. पहिल्यांदा ऑनलाईन परीक्षेत अडकला. दुसऱ्यांदा परीक्षा पास, रनिंग पास, दहा बीम (पुल-अप) मारल्या आणि मेडिकलला 'गुडघे लागतात' म्हणून बाहेर. अग्निवीरला (फौजेतली चार वर्षांची भरती) वयाची अट आहे, म्हणजे आता एकच संधी उरली. ज्याला जायचंय त्याला परत पाठवतात आणि ज्याला नको त्याला धरून न्या म्हणतात, हे काय गणित आहे?

तुमची मतं सांगा. सीमाप्रश्न इथं आणू नका, त्याला दुसरे धागे आहेत.

कुंदा_पाव_किलो

"सीमाप्रश्न आणू नका" म्हणालास ना, आता दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार. लावतोस पैज?

शहापूरकर_सध्या_पुणे

मी त्या पाहुण्यांच्या बाजूने. माझ्या ऑफिसात चोवीस-पंचवीसची पोरं आहेत. सकाळी दहाची मीटिंग यांना पहाटेची वाटते. कुणी जरा आवाज चढवून बोललं की राजीनामा. दक्षिण कोरियात दीड वर्ष सगळ्यांना जावं लागतं, तिथले जगप्रसिद्ध गायकसुद्धा केस कापून गेले. स्वित्झर्लंडमध्ये 2013 साली सक्ती काढून टाकू का म्हणून लोकांनाच विचारलं, तर 73 टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. सगळे देश वेडे आहेत का? वर्षभर तरी पाहिजे. स्वतःचं अंथरूण स्वतः घालणं, ताटं धुणं, दुसऱ्या जातीच्या पोराशेजारी झोपणं, एवढं जरी शिकली तरी पुष्कळ.

वडगाव_माग

@शहापूरकर, अंथरूण घालायला आणि ताट धुवायला शिकवायला मिलिटरी कशाला, आमच्या सासूबाईंकडं पाठवा. एका महिन्यात तयार करून देतात.

शहापूरकर_सध्या_पुणे

😄 ताई, फी किती घेतात?

कॅम्पातला

माझं बालपण कॅम्पात गेलं. मराठा सेंटरच्या (मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर) बिगुलावर आमच्या घरी चहा ठेवला जायचा. शाळेत जाताना रिक्रूट पळताना दिसायचे. कुणाच्या डोक्यावर रायफल, कुणी बेडूकउड्या मारतंय, मागून उस्तादाचा आवाज. आम्ही पोरं हसायचो. तीच पोरं काही महिन्यांनी कसम परेडला अशी ताठ चालायची की त्यांचे आईबाप गर्दीत त्यांना ओळखायचे नाहीत. गावाकडून आलेली म्हातारी माणसं, फेटा, हातात पिशवी, पिशवीत डबा. परेड संपल्यावर पोरगं येऊन पाया पडलं की बाप्याच्या डोळ्यांतून धार.

सक्तीने आलेल्या पोराच्या परेडला कोण डबा घेऊन येईल, असा प्रश्न पडला. उत्तर माझ्याकडं नाही.

सुभेदार_निवृत्त

पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली म्हणून बोलतो. जरा लांबेल.

शिस्त लागावी म्हणून फौजेत घाला, हे मी सुट्टीवर यायचो तेव्हापासून ऐकतोय. फौज म्हणजे सुधारगृह नव्हे. तिथं शिस्त असते ती दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. रात्रीच्या पोस्टवर दोघांची जोडी असते. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने जागायचं. ज्याला घरच्यांनी ढकललंय तो जागा असला तरी मला झोप लागत नसे. असा एक होता. बाप फौजी, आजा फौजी, याला मात्र गॅरेज काढायचं होतं. पोरगं वाईट नव्हतं. गाडी बंद पडली की आधी त्यालाच हाक. पण पोस्टवर त्याची नजर पुढं नसायची, घड्याळाकडं असायची. त्याच्या वाटणीची नजर मला ठेवावी लागे. शेवटी त्याला वाहनांच्या कामावर घेतलं आणि दोघंही सुटलो.

दुसरं, शिकवायला वेळ लागतो. आमच्या वेळी रिक्रूटचे नऊ महिने रगड्यात जायचे. अग्निवीरांना सहा-सात महिने. एक वर्षाची सक्ती केली तर शिकवून होईपर्यंत घरी जायची वेळ होणार. उस्ताद लोक वर्षभर नुसतं 'दाहिने मुड' शिकवत बसतील, पल्टनीला हाती काय?

आमची जंगी पल्टन (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) 1768 सालची. 'कर्तव्य, मान, साहस' हे जे बोधवाक्य आहे त्यातलं साहस हुकूम काढून येत नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांवर गेली ती सक्तीची भरती न करता. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या आपल्या दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांना कुणी धरून नेलं नव्हतं.

निपाणी_बिडी_बंडल

सुभेदारसाहेब, मान राखून बोलतो. धरून नेलं नाही हे खरं. पण पंचवीस लाख लोक काय नुसत्या हौसेने गेले? माझे पणजोबा त्यात होते. घरात अठरा विश्वे दारिद्र्य, पाच भावंडं, जमीन सावकाराकडं. पलटणीत भात मिळतो आणि वर पगार, एवढं ऐकून चालत गेले. आज्जी सांगायची, घरातलं एक ताट कमी झालं म्हणून त्यांच्या आईने देवाला नारळ फोडला आणि मग रात्रभर रडली.

सक्ती सरकारच करतं असं नाही. पोटपण करतं.

सुभेदार_निवृत्त

@निपाणी, हे खोटं म्हणणार नाही. मीसुद्धा अर्धा त्यासाठीच गेलो होतो. उरलेला अर्धा नंतर आला.

हिंडलगा_रोड

बेळगावच्या माणसाला 'सक्ती' हा शब्द विचारूच नका. 1986 साली कन्नडसक्तीच्या विरोधात काय झालं ते इथल्या लहान पोरालापण ठाऊक आहे. दरवर्षी 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आम्ही जातो. सरकार आपल्यावर काही लादतंय म्हटलं की आमचं रक्तच तापतं, मग ती भाषा असो नाहीतर बंदूक.

कुंदा_पाव_किलो

नववा प्रतिसाद. माझी पैज जिंकली. धागाकर्त्याने अर्धा किलो कुंदा पाठवावा.

रताळी_उचगाव

पाठवतो. पण @हिंडलगा_रोड यांचा मुद्दा अगदीच आडवाटेचा नाही, म्हणून असू दे. पुढं मात्र नको.

खानापूर_वकिली

कायद्याचं थोडं. घटनेच्या कलम 23 ने वेठबिगारी बंद केली, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेदभाव करायचा नाही. 51क मध्ये मूलभूत कर्तव्यं आहेत, त्यातही हाक आली तर देशाचं रक्षण आणि राष्ट्रीय सेवा करणं आहे. म्हणजे उद्या संसदेने कायदा केला तर 'घटनेत बसत नाही' म्हणून सहज उडवता येणार नाही.

2018 मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने सुचवलं होतं की केंद्राची किंवा राज्याची राजपत्रित नोकरी पाहिजे असेल तर आधी पाच वर्षं लष्करात काढा. पुढं काही झालं नाही.

कुंदा_पाव_किलो

पाच वर्षं सियाचीन, मग तहसीलदार. सातबारा उताऱ्याला आलेल्या माणसाला पहिल्यांदा सावधान उभं करणार.

(माहीत आहे, आमच्याकडं सातबारा नाही, पहाणी म्हणतात. विनोद पलीकडच्या गाववाल्यांसाठी आहे.)

आजोबा_1947

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी अनुभव सांगतो. या देशात सक्ती एकदा होऊन गेलीय. 1962 ला चीनने दणका दिल्यावर 1963 साली कॉलेजात एनसीसी सक्तीची केली. 1968 ला ती परत ऐच्छिक झाली. मी बरोबर त्या मधल्या वर्षांत सापडलो.

पहिले काही महिने आम्ही खरोखर पेटलेलो. छाती काढून चालायचो, रस्त्यातल्या मुली बघतात का हे पण बघायचो. नंतर नंतर गंमत सुरू झाली. हजेरीला एक जण तीन आवाजांत 'यस सर' म्हणायचा. बूट पॉलिश नसले की मैदानाबाहेर, म्हणून आमच्या खोलीतल्या चौघांत एकच जोडी पॉलिश करून ठेवलेली, ज्याची पाळी त्याने घालायची. माझा पाय आठ नंबरचा, जोडी सहा नंबरची. देशासाठी मी एवढं सोसलंय. परेड झाल्यावर उप्पीट मिळायचं, त्या दिवशी मात्र हजेरी शंभर टक्के.

ज्यांना मनापासून आवडायचं अशी आमच्या तुकडीत सात-आठ पोरं होती. ऐच्छिक झाल्यावर तीच राहिली आणि मग परेड बघण्यासारखी व्हायला लागली. त्यातला एक पुढं अधिकारी झाला.

वडगाव_माग

आजोबा, सहा नंबरच्या बुटाला सॅल्यूट 🙏

मला दुसरंच विचारायचंय. वर सगळे 'पोरं पोरं' म्हणताय. सक्ती झाली तर मुलींचं काय? नॉर्वेत 2015 पासून मुलींनाही लागू आहे. इस्रायलमध्ये तर आधीपासून. आणि आपल्या बेळगावातच 2019 च्या ऑगस्टमध्ये मिलिटरी पोलिसांत मुली घ्यायची भरती झाली होती. सगळ्या देशात जागा फक्त शंभर. आमच्या नात्यातली एक पोरगी गेली होती. सायकलवरून शाळेला जाणारी, मागावर बॉबिन भरणारी. घरात महाभारत. "लग्न कोण करणार?" वगैरे. थोडक्यात हुकलं तिचं. 2021 ला पहिली 83 मुलींची तुकडी बाहेर पडली तेव्हा टीव्हीसमोर बसून ती नावं वाचायचा प्रयत्न करत होती. आता पोलिसात आहे आणि लग्नही झालंय, ज्यांना काळजी होती त्यांच्यासाठी सांगते.

सक्तीची बात करणारे लोक स्वतःच्या मुलींना पाठवतील का हे आधी लिहा.

शहापूरकर_सध्या_पुणे

मला एकच मुलगी. दहावीत. खरं सांगू? 'वर्षभर तरी पाहिजे' लिहिताना ती डोळ्यांसमोर नव्हती. विचार करून लिहितो.

गणित_मास्तर_कडोली

भावना बाजूला ठेवून आकडे मांडा. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींच्या वर मुलं-मुली अठराची होतात. लष्कर सगळं मिळून बाराएक लाखांचं. समजा मुली सोडल्या, आजारी सोडले आणि एक कोटीच घेतले. म्हणजे आठ पाहुण्यांना एक यजमान. झोपवणार कुठं?

पगार अग्निवीराच्या पहिल्या वर्षाचा धरा, महिना 30,000. वर्षाचे 3 लाख 60 हजार. गुणिले एक कोटी, झाले 3 लाख 60 हजार कोटी. 2024-25 चं सगळं संरक्षण अंदाजपत्रक 6 लाख 21 हजार कोटींचं होतं, त्यात तोफा, विमानं, जहाजं, पेन्शन सगळं आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा पोरांच्या नुसत्या पगारात. अजून कपडे, जेवण, बूट धरलेले नाहीत. (आजोबांसारखे चौघांत एक जोडी दिली तर थोडी बचत.)

सिंगापूर आपल्या बेळगाव जिल्ह्यात सतरा-अठरा वेळा बसेल. तिथलं माप इथं घालू नका.

अग्नी_चा_भाऊ

मास्तर, तीस हजार हातात येत नाहीत. माझा भाऊ पहिल्या बॅचचा. पहिल्या वर्षी 21,000 हातात, 9,000 सेवा निधीत. सरकार तेवढेच घालतं. चार वर्षांनी व्याजासकट 11 लाख 71 हजार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शंभरातले पंचवीसच पुढं राहणार.

ही चार वर्षं धड सक्तीची नाहीत, धड नोकरीपण नाहीत, मधलंच काहीतरी झालंय. आमच्या घरात सध्या कुणी बोलत नाही, पण सगळे पंचवीसात येतो का पंच्याहत्तरात एवढंच मोजुलालेत. आई सोमवार धरुलाली. बाबा म्हणतात, आला परत तर दहा लाखात म्हशी घेऊया. भाऊ फोनवर म्हणतोय, म्हशी घ्यायच्या होत्या तर रनिंग कशाला केलं गा मी?

आणि स्थळं! पूर्वी 'पोरगा मिलिटरीत' म्हटलं की पाहुणे दारात. आता पहिला प्रश्न, "पर्मनंट हाय काय?"

निपाणी_बिडी_बंडल

उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर बारा तास उभं राहून माझ्या हातात पंधरा यायचे. एकवीस वाईट नाहीत रे. जेवण वर.

अग्नी_चा_भाऊ

वाईट कुठं म्हणालो दादा? चार वर्षांनी चोविशीत परत पहिल्यापासून, एवढंच सांगुलालो.

शिनोळीचा

धागाकर्त्याला एक गंमत. आम्ही शिनोळीवाले आणि तुम्ही उचगाववाले त्याच रस्त्यावर पळतो, त्याच टपरीवर केळी खातो. पण आमची भरती कोल्हापूरकडून आणि तुमची बेळगावकडून. आमच्या गावातला एक आणि बाचीतला एक अशी जोडी होती, वर्षभर बरोबर तयारी. एकाने दाखले मराठीत काढले, दुसऱ्याने कन्नडात. दोघंही लागले आणि ट्रेनिंगला एकाच ठिकाणी, मराठा सेंटरला. तिथं दोघांनाही हिंदी येईना.

कुंदा_पाव_किलो

यन् माडोदु. (काय करायचं!)

भरतीवाली_आई

पहिल्यांदाच लिहिते. मुलगा भरतीची तयारी करतो. मेडिकलला काय काय बघतात हे आम्हा आयांना पाठ झालंय. सपाट पाऊल, लागणारे गुडघे, कानातला मळ, दात, वजन. रोज रात्री तो गुडघ्यांत उशी धरून झोपतो. कुणीतरी सांगितलं म्हणून. भिजवलेले हरभरे, केळी, दोन अंडी, आम्ही माळकरी असूनसुद्धा अंडी वेगळ्या भांड्यात करून देते. अकॅडमीची फी भरायला कानातलं मोडलं. टीएची (टेरिटोरियल आर्मीची) भरती असते तेव्हा बाहेरच्या राज्यांतली पोरं कॅम्पात रस्त्याकडेला झोपलेली बघितली, थंडीत, डोक्याखाली बॅग. त्यांच्यापण आया असतील.

ते सिंगापूरचे पाहुणे भेटले तर त्यांना म्हणावं, आमची पोरं आधी घ्या. सगळी घेऊन झाली, तरी जागा उरल्या, तर मग दुसऱ्यांची धरून न्या.

सुभेदार_निवृत्त

ताई, उशीने गुडघे सरळ होत नाहीत. थोडा फरक पडतो तो मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या व्यायामाने, पण हाडातच असेल तर कशाने नाही. आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या, अकॅडमीच्या मास्तरला नको. कानातला मळ भरतीच्या आठ दिवस आधी डॉक्टरकडून काढून घ्या, काडीने नको.

भरतीवाली_आई

साहेब, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दाखवते.

शहापूरकर_सध्या_पुणे

विचार करून लिहितो म्हणालो होतो. रात्री मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गेला होता का?" मी नव्हतो गेलो. मी गेलो नाही कारण मला इंजिनिअरिंगला सीट मिळाली. आमच्या गल्लीतले जे दोघं गेले त्यांना मिळाली नव्हती.

सक्ती सगळ्यांना सारखी होईल हे मी गृहीत धरलं होतं. कोरियात सुद्धा एशियन गेम्सचं सुवर्ण मिळालं की सूट मिळते, तो फुटबॉलपटू सोन 2018 ला असाच सुटला. आपल्याकडं सुवर्णाऐवजी चिठ्ठी चालेल. तरीपण शाळेत दोन वर्षं एनसीसी सगळ्यांना असावी असं मला अजून वाटतं. एवढ्यावर मी ठाम.

आजोबा_1947

बूट प्रत्येकाला वेगळे दिले तर माझा पाठिंबा.

खानापूर_वकिली

@शहापूरकर, चिठ्ठीचं अगदी बरोबर. सक्ती आली की पहिला धंदा अनफिट सर्टिफिकेटचा. आता पोरं फिट ठरायला धडपडतात, तेव्हा अनफिट ठरायला धडपडतील. गुडघे लागणाऱ्याला भाव येईल.

रताळी_उचगाव

नेमकं हेच! काल भाच्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. रनिंग करून आला होता, पायऱ्यांवर बसून भाकरी खात होता. म्हटलं, उद्या सक्ती केली तर तुला काय वाटेल? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, सक्ती झाली तर माझे गुडघे चालतील काय?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. पुढं म्हणाला, तसं घेतलं तर मला नको. सगळ्यांनाच घेणार असतील तर मी साडेचारला कशाला उठतो?

सुभेदारसाहेब, तो व्यायामाचा विषय सांगितला तो त्याला दाखवायचा कसा? तुमच्या गावी यायला तयार आहे.

सुभेदार_निवृत्त

गावी कशाला? मी रविवारी मुलीकडं बेळगावला असतो. सकाळी साडेपाचला सीपीएड मैदानावर घेऊन या. आधी उभं राहून गुडघ्यांत किती अंतर आणि घोट्यांत किती ते बघतो, मग डॉक्टरचं ठरवू. बूट घालून यायला सांगा, परवा एक पोरगं चपला घालून आलं होतं. केळी पळून झाल्यावर.

भरतीवाली_आई

साहेब, आम्ही पण आलो तर चालेल का? निपाणीहून पहिली एसटी कितीला आहे कुणाला माहीत आहे का?

शिनोळीचा

ताई, पहिल्या एसटीने साडेपाचला पोचणं अवघड. शनिवारी रात्री या, आमच्याकडं मुक्काम करा, घरात आई आणि बहीण आहेत. पहाटे मी गाडीने सोडतो, मला पण पळायचंय.